कमरेवर हात कुणाचा? जुन्या हॉलिवूड म्युझिकल्समधलं प्रेम, सोप्या भाषेत

आमच्या घरात सिनेमा चालू असताना गाणं लागलं की कुणीतरी उठतंच, चहा टाकायला नाहीतर गॅलरीतले कपडे काढायला, कारण पाच मिनिटांनी परत आलं तरी गोष्ट तिथल्या तिथेच असते, हीरो-हिरॉईन काश्मीर फिरून परत मुंबईत आलेले असतात एवढंच. हीच सवय घेऊन 1930 ते 1960 च्या मधल्या हॉलिवूड म्युझिकल्स बघायला बसलात तर मात्र गोष्टच हातातून निसटते. तुम्ही चहा घेऊन येता तेव्हा मगाशी ज्या बाईला तो माणूस डोळ्यासमोरही नको होता ती त्याच्याकडे बघून हसत असते, आणि हे कधी झालं, कसं झालं काही कळत नाही. ते नाचात झालेलं असतं. तिने नाही म्हणणं, त्याने मनवणं, तिचं विचारात पडणं, सगळं पायांनी सांगून झालेलं असतं.

मला हे सिनेमे मनापासून आवडतात, काही नाच तर मी पन्नास-पन्नास वेळा बघितले असतील. पण जितकं बघत गेले तितका एक प्रश्न जास्त टोचायला लागला. या सिनेमांत प्रेम नाचातूनच होणार असेल, तर ज्याला नाचायला जोडीदार मिळत नाही त्याचं काय? पडद्यावर कोण दिसतं, कसं दिसतं, याला हल्ली सगळे रिप्रेझेंटेशन म्हणतात आणि त्यावर फार जड जड लिहिलं जातं. मला वाटतं या सिनेमांपुरतं ते एका साध्या गोष्टीवरून मोजता येतं, कुणाच्या कमरेवर कुणाला हात ठेवू दिला.

आधी प्रेम नाचात का शिरलं ते बघू. 1930 मध्ये हॉलिवूडच्या स्टुडिओंनी स्वतःसाठी एक नियमावली मान्य केली, तिला हेज कोड म्हणतात, पण पहिली चार वर्षं तिला कुणी फारसं जुमानलं नाही. मग जुलै 1934 पासून जोसेफ ब्रीन नावाचा माणूस ती नियमावली राबवणारं ऑफिस चालवायला लागला आणि त्याच्या सर्टिफिकेटशिवाय मोठ्या स्टुडिओचा सिनेमा थिएटरला लावणं जवळपास अशक्य झालं. लांबलचक चुंबन नको, वासना भडकेल असं काही नको, नाचातही अश्लील हालचाल नको, अशी ती यादी होती. आपल्याकडे चुंबनाच्या जागी दोन फुलं एकमेकांवर टेकवायचे ना, तसंच तिकडे नाच कामाला आला, फक्त फुलांपेक्षा तो कितीतरी जास्त बोलका होता. आणि त्याच यादीत आणखी एक कलम होतं, गोऱ्या आणि काळ्या वंशाच्या माणसांमधले शरीरसंबंध दाखवायला बंदी. हे कलम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता फ्रेड अस्टेअर आणि जिंजर रॉजर्स. दोघांनी मिळून दहा सिनेमे केले, नऊ 1933 ते 1939 मध्ये आरकेओ स्टुडिओसाठी आणि दहावा पार 1949 मध्ये एमजीएमसाठी. अस्टेअरचा हट्ट असायचा की नाच चालू असताना कॅमेऱ्यात डोक्यापासून पायापर्यंत अख्खं शरीर दिसलं पाहिजे आणि मधे कट कमीत कमी. हा हट्ट टेक्निकल वाटतो पण सगळं प्रेम त्यावरच उभं आहे. दर दोन सेकंदांनी कट असेल तर दोन माणसांमधलं अंतर कधी कमी झालं ते बघणाऱ्याला दिसतच नाही, एडिटरनं सांगितलं म्हणून मान्य करायचं. इथे ते अंतर तुमच्या डोळ्यासमोर हळूहळू मिटतं, कुणी ढकललं, कोण आधी वळलं, कुणी हात पुढे केला, सगळं दिसतं.

'टॉप हॅट' (1935) मधला पावसाचा नाच घ्या. लंडनमधली बाग, पाऊस कोसळतोय, बँडवाले बसतात तसल्या गोल मंडपात ती अडकलीय, अंगात घोडेस्वारीचे कपडे म्हणजे चक्क पँट. तो गाणं म्हणतो, ती पाठ करून बसलेली. मग तो नुसता चालायला लागतो आणि ती उठून त्याच्या मागे मागे, त्याची चाल जशीच्या तशी उचलत. तो एक स्टेप टाकतो, ती तीच परत करते, मग तो जरा अवघड टाकतो, तीही ती करून दाखवते. तमाशात सवाल-जवाब असतो ना, अगदी तसं. नाचाचा कितीतरी भाग एकमेकांना हातही न लावता चालतो, वीज कडाडते, ठेका वाढतो, आणि शेवटी दोघं मंडपाच्या कडेला बसतात आणि शेकहँड करतात. चुंबन नाही, मिठी नाही, हात मिळवतात! दोन बरोबरीच्या माणसांनी एकमेकांना मानलं, असं ते आहे. 1935 सालच्या सिनेमात पँट घातलेली बाई पुरुषाला स्टेपला स्टेप देते आणि त्यालाच प्रेम म्हटलं जातं, हे मला आजही फार मोठं वाटतं.

प्रत्येक नाच इतका बरोबरीचा नसतो, हेही सांगायला हवं. 'द गे डिव्होर्सी' (1934) मध्ये कोल पोर्टर या संगीतकाराच्या 'नाईट अँड डे' गाण्यावर जो नाच आहे त्यात ती निघून जायला बघते आणि तो वाट अडवतो, ती परत निघते, तो परत आडवा येतो, एकदा ती त्याला ढकलते आणि तो भेलकांडत मागे जातो, आणि शेवटी ती हळूहळू विरघळते. नाच म्हणून तो अप्रतिम आहे, पण तिचं नाही हे नाही धरायचं नाही, पिच्छा सोडला नाही की ती ऐकते, हा जो धडा त्यात आहे तो आपण हिंदी-मराठी सिनेमांतही इतका बघितलाय की तो ओळखायला वेळ लागत नाही. मला तो नाच बघवतो तो केवळ जिंजरमुळे, कारण तिच्या चेहऱ्यावर प्रत्येक पावलाला काय चाललंय ते कळतं, ती ओढली जात नसून स्वतः ठरवतेय असं ती दाखवते. नाचता येणाऱ्या बायका हॉलिवूडमध्ये खूप होत्या, नाचता नाचता विचार करताना दिसणारी मात्र मला तरी तिच्यासारखी दुसरी सापडली नाही.

तिच्याबद्दल एक वाक्य सगळीकडे फिरत असतं, की अस्टेअरनं जे केलं ते सगळं तिनं उलट्या पावलांनी आणि उंच टाचांवर केलं. बरेच जण समजतात ते तिचंच वाक्य आहे, पण ते आलं 1982 मधल्या एका वर्तमानपत्रातल्या व्यंगचित्रातून. मुद्दा मात्र खरा आहे. 'स्विंग टाईम' (1936) मधल्या शेवटच्या नाचाला चाळीसच्या वर टेक झाले आणि तिच्या पायातून रक्त आलं असं सांगतात. 'टॉप हॅट'मध्ये ज्या नाचात गालाला गाल लागतो तिथे तिनं शहामृगाच्या पिसांचा ड्रेस हट्टानं घातला, पिसं सेटभर उडाली, अस्टेअर वैतागला, नंतर तिचं नावच फेदर्स पडलं. पण तो नाच आज बघा, ती पिसं तिच्या वळण्यानंतर क्षणभर उशिरा वळतात आणि त्यामुळे नाचाला जणू श्वास येतो, तिचं बरोबर होतं. कथेत तिचा गैरसमज झालेला असतो की हा आपल्या मैत्रिणीचा नवरा आहे, त्यामुळे नाच संपल्यावर भिंतीला टेकून ती जी उभी राहते त्या चेहऱ्यात प्रेमही असतं आणि अपराधीपणाही, एक शब्द न बोलता.

आणि चुंबन? दोघांचं धड दिसणारं पहिलं चुंबन 'केअरफ्री'मध्ये आहे, म्हणजे 1938 मध्ये, तेही स्वप्नातल्या स्लो मोशन नाचाच्या शेवटी. तोपर्यंतचे सगळे सिनेमे त्याच्याशिवायच निघाले आणि कुणाला काही कमी पडलं नाही.

हीच पद्धत पुढे एमजीएमनं रंगीत सिनेमात नेली. 'द बँड वॅगन' (1953) मध्ये अस्टेअर आणि सिड शरीस सेंट्रल पार्कमध्ये नुसते चालत असतात, आधी दोघांचं पटलेलं नसतं, आपल्याला एकत्र नाचता येईल का हेच बघायला आलेले असतात. चालता चालता ती सहज एक गिरकी घेते आणि चालत राहते, मग तो एक, आणि कधी चालणं संपून नाच सुरू झाला ते सांगता येत नाही. नाचात दोघं एक अक्षरही बोलत नाहीत. माझ्या मते हॉलिवूडमधला हा सगळ्यात सुंदर प्रेमाचा सीन आहे, आणि तो 54 वर्षांचा आणि ती 31 ची हे खटकत असलं तरी माझं मत बदलत नाही.

आता त्या कलमाकडे येऊ.

टॅप डान्स, ज्याच्यावर हे सगळं उभं आहे, तो आला आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या तालातून आणि आयरिश-इंग्लिश पायठेक्याच्या नाचातून, दोन्ही अमेरिकेत एकमेकांत मिसळले. म्हणजे अस्टेअर ज्या भाषेत प्रेम करत होता ती अर्धी काळ्या लोकांची भाषा होती. मग त्या काळ्या नर्तकांना त्याच भाषेत प्रेम करायला मिळालं का? बिल रॉबिन्सन हा त्या काळचा टॅपचा राजा. 'द लिटल कर्नल' (1935) मध्ये तो जिन्यावर नाचतो आणि त्याची जोडीदार कोण, तर शर्ली टेंपल, सहा वर्षांची पोर. हॉलिवूडमधली गोऱ्या-काळ्यांची पहिली नाचणारी जोडी म्हणून तिचं नाव घेतात, आणि ती चालली याचं कारणच हे की पोर आणि म्हातारा नोकर, प्रेमाचा प्रश्नच नाही. तरी अमेरिकेच्या वर्णभेदी दक्षिणेतल्या थिएटरांत त्यांनी एकमेकांचा हात धरलेले तुकडे कापून टाकले असं सांगतात. सहा वर्षांच्या मुलीचा हात!

वर्षभरानं 'स्विंग टाईम'मध्ये अस्टेअरनं रॉबिन्सनला मानवंदना म्हणून एक नाच केला, तोंडाला काळं फासून. याला ब्लॅकफेस म्हणतात, गोऱ्या नटानं काळ्या माणसाचं सोंग घ्यायचं, शंभर वर्षांची जुनी पद्धत. नाच बघताना लक्षात येतं की त्याला त्या कलेबद्दल खरंच आदर होता, मागे त्याच्याच तीन मोठ्या सावल्या नाचतात आणि शेवटी थकून निघून जातात, कल्पना भन्नाट आहे. पण आदर करायचा तर रॉबिन्सन जिवंत होता, नाचत होता, त्यालाच बोलवायचं होतं. मी अस्टेअरवर इतकं प्रेम करते तरी या नाचाशी माझं कधी जमलं नाही आणि जमणारही नाही.

मग निकोलस बंधू, फयार्ड आणि हॅरल्ड. 'स्टॉर्मी वेदर' (1943) मधला त्यांचा नाच नसेल बघितला तर आज रात्रीच बघा. टेबलांवरून उड्या मारत येतात, कॅब कॅलोवेच्या बँडमधून, वादकांच्या स्टँडवरून उड्या, मग पियानोवर चढून वाजवणाऱ्याशी जुगलबंदी, आणि मग तो जिना. एक भाऊ पायरीवर स्प्लिटमध्ये पडतो, म्हणजे दोन पाय दोन बाजूंना सरळ आडवे, दुसरा त्याच्या डोक्यावरून उडी मारून खालच्या पायरीवर तसाच पडतो, पहिला हाताचा आधार न घेता नुसत्या पायांच्या जोरावर सरळ उभा राहतो आणि याच्या डोक्यावरून पुढच्या पायरीवर, असं करत जिना संपेपर्यंत. अस्टेअरनं त्यांना सांगितलं होतं की पडद्यावर याच्यापेक्षा चांगला म्युझिकल नंबर आपण बघितलेला नाही.

पण त्या सिनेमात हीरो कोण? बिल रॉबिन्सन, वय 65. हिरॉईन लीना हॉर्न, वय 26. हॅरल्ड विशीत, देखणा, उत्तम गाणारा, जगात कुणाला येत नाही असं नाचणारा, आणि त्याला कथेत जागा नाही, येतो, नाचतो, जातो. हा तर सगळे कलाकार काळे असलेला सिनेमा होता. गोऱ्या सिनेमांत तर हे भाऊ असे यायचे की त्यांचा नाच कापून काढला तरी कथेचं काही बिघडू नये. 'सन व्हॅली सेरेनेड' (1941) मध्ये त्यांच्याबरोबर डोरोथी डँडरिज आहे, ती दोघांशी लाडीगोडी करते, छान आहे, पण ते तेवढ्यापुरतंच, पुढच्याच वर्षी तिनं आणि हॅरल्डनं खरं लग्न केलं आणि सिनेमानं मात्र त्या दोघांची गोष्ट कधी सांगितली नाही. 1948 मध्ये जीन केली या गोऱ्या नर्तक-नटानं 'द पायरेट'मध्ये दोघांना आपल्या बरोबरीनं नाचायला घेतलं, तर दक्षिणेत काही ठिकाणी तोच नंबर कापला गेला.

लीना हॉर्नचं तर सगळं करिअर या कापाकापीवर बेतलेलं होतं. 1942 मध्ये एमजीएमनं तिला करारावर घेतलं, आणि मग सिनेमागणिक तिला एक खांब द्यायचे, सुंदर गाऊन, खांबाला टेकून गाणं म्हणायचं, संपलं. कुणाशी बोलायचं नाही, कुणी तिच्याकडे बघून काही म्हणायचं नाही, म्हणजे दक्षिणेतल्या थिएटरवाल्याला रीळ कापायला सोपं. जोडीदार नाही म्हणजे काय ते बघायचं असेल तर हे बघा. 'शो बोट' (1951) मध्ये ज्युली नावाची भूमिका आहे, मिश्र वंशाची, गोऱ्या माणसाशी लग्न केलेली आणि त्यामुळे अडचणीत आलेली. लीनाला ती हवी होती. मिळाली अव्हा गार्डनरला, जी गोरी होती आणि जिला सिनेमात दुसऱ्याच गायिकेचा आवाज दिला. लीनानं स्वतः 1947 मध्ये लेनी हेटन या गोऱ्या संगीतकाराशी लग्न केलं होतं, पॅरिसला जाऊन, आणि तीन वर्षं ते लपवून ठेवलं होतं. कॅलिफोर्नियात असं लग्न 1948 पर्यंत कायद्यानं होतच नव्हतं आणि देशभरात ती बंदी उठायला 1967 उजाडलं. म्हणजे ज्युलीची गोष्ट ती जगत होती आणि ती पडद्यावर जगायला दुसरीला घेतलं.

कोडमधलं ते कलम 1956 मध्ये गेलं. त्यानं लगेच सगळं बदललं असं नाही. 'वेस्ट साईड स्टोरी' (1961) ला दहा ऑस्कर मिळाले, जिममधल्या नाचात टोनी आणि मारिया एकमेकांना बघतात तेव्हा आजूबाजूचं सगळं धूसर होतं तो सीन आजही काळजाला भिडतो, पण पोर्तो रिकोची मारिया झाली होती नॅटली वुड, आवाज मार्नी निक्सनचा. रिटा मोरेनो तर खरोखर पोर्तो रिकोची, तरी तिच्यासकट सिनेमातल्या सगळ्या पोर्तो रिकन टोळीला एकाच गडद रंगाचा मेकअप थापला, आमच्यात सगळे एका रंगाचे नसतात असं ती सांगत राहिली. (मार्नी निक्सनबद्दल राहवत नाही म्हणून सांगते, आपल्याकडे लता-आशा कोण हे शेंबड्या पोरालाही माहीत, आणि ही बाई मोठमोठ्या हिरॉईन्ससाठी गायली आणि पडद्यावर तिचं नाव नाही.)

मार्नीचा आवाज 'द किंग अँड आय' (1956) मध्येही आहे, आणि त्यातल्या पोल्कासाठी तर मी हे सगळं लिहायला घेतलं. सयामचा, म्हणजे आताच्या थायलंडचा राजा आणि त्याच्या मुलांना शिकवायला आलेली इंग्रज बाई ॲना. रात्री मेजवानी संपलीय, मोठा रिकामा हॉल, ती फुगीर गाऊनमध्ये, तो अनवाणी. ती त्याला ठेका शिकवते, दोघं एकमेकांचे दोन्ही हात धरून उड्या मारत नाचतात, हसतात, लहान मुलांसारखे. मग तो थांबतो. म्हणतो, ते युरोपियन लोक असे हात धरून नाचत नव्हते. संगीत थांबलेलं. तो पुढे येतो, हात लांब करतो आणि तिच्या कमरेवर ठेवतो. दोघांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलेलं असतं. दोन-तीन सेकंद, बस. आणि मग पूर्ण हॉलभर भरधाव गिरक्या, तो गाऊन वादळासारखा फिरतोय. अख्ख्या सिनेमात दोघं प्रेमाचा शब्द काढत नाहीत, पण त्या हातानंतर काही लपलेलं राहत नाही.

आणि नाच संपतो न संपतो तोच पळून गेलेली दासी सापडल्याची बातमी येते, राजा चाबूक उचलतो, म्हणजे आत्ता ज्याच्यावर जीव जडला तो एका मिनिटात रानटी होतो, आणि थोड्या वेळानं सिनेमा त्याला मारूनच टाकतो. गोरी बाई आणि आशियाई पुरुष यांचं पुढे काय करायचं हा प्रश्न असा सोडवला. खरा राजा मोंगकुट गादीवर येण्याआधी 27 वर्षं भिक्खू होता, मोठा व्यासंगी माणूस. थायलंडनं या सिनेमावर बंदी घातली, त्यात नवल काहीच नाही.

आता खऱ्या ॲनाचं. ॲना लिओनोवेन्सनं आयुष्यभर सांगितलं की आपण वेल्समध्ये जन्मलेली इंग्रज बाई. तिचं चरित्र शोधणाऱ्यांना कागदपत्रं सापडली ती वेगळीच. तिचा जन्म 1831 मध्ये अहमदनगरला झाला, आताचं अहिल्यानगर. वडील कंपनीच्या फौजेतले सार्जंट, ती जन्मायच्या आधीच वारले. तिचं लग्न झालं 1849 मध्ये पुण्यात. आणि तिच्या आईची आई, अभ्यासकांच्या मते, बहुतेक भारतीय किंवा मिश्र वंशाची होती. त्या काळात हे कळलं असतं तर इंग्रजांच्या जगातली दारं तिला बंद झाली असती, म्हणून तिनं नगर पुसून वेल्स लिहिलं. त्या पोल्कात राजा झालेला युल ब्रिनर रशियात जन्मलेला, ॲना झालेली डेबोरा कर स्कॉटलंडची, आणि दोघांच्या मधली जी रेघ ओलांडली जाऊ नये म्हणून सिनेमानं घाईघाईनं चाबूक आणला, ती नगरच्या त्या मुलीच्या घरात तिच्या आजीच्या वेळीच ओलांडून झाली होती.